जिला निंब गोड लागतो

मी चेटकिणींची कादंबरी. सातजणी आहेत माझ्या पोटात, आणि सातही जाग्या. म्हणून मला कुठेही ठेवा, फळीवर, ट्रंकेत, उशीखाली, स्वस्थ पडून राहणं काही जमत नाही. माझी पानं आपली सारखी चुळबुळत असतात. लोक म्हणतात, वाऱ्याने हलतात. म्हणू द्या.

नाव माझं 'निंबाळीच्या सात चेटकिणी'. ते आता माझ्या अंगावर कुठे दिसणार नाही. त्यात एका शेळीचा हात आहे, खरं म्हणजे तोंड आहे. ते पुढे सांगेन.

जन्म माझा नगरचा. दीनाबाई नावाच्या एक ख्रिस्ती बाई तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि वसतिगृहातच राहायच्या. संध्याकाळची प्रार्थना झाली की जेवणाच्या घंटेपर्यंत मुली त्यांच्याभोवती बसायच्या, आणि बाई तांदूळ निवडता निवडता गोष्ट सांगायच्या. शहाण्या मुलांच्या गोष्टींना मुली जांभया द्यायच्या. मग एके दिवशी बाईंनी एक चेटकीण आणली. त्या दिवशी घंटा झाली तरी एकही मुलगी उठेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी दुसरी आणली. असं करत करत सात झाल्या, आणि बाईंनी त्या लिहून काढल्या.

माझ्यातल्या चेटकिणी सुळे दाखवत हिंडत नाहीत. त्या चारचौघींसारख्या दिसतात, पाणी भरतात, भाकरी थापतात, दुसऱ्याची पोरं मांडीवर घेतात. भीती आहे ती तिथेच. त्यांच्या हाकेला ओ दिली की मूल आपलं नाव विसरतं आणि त्यांच्यामागे चालू लागतं. ओळखायच्या खुणा तीन. भर दिवसा त्यांच्या पापण्या जड होतात. आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे कडुनिंबाचं पान त्यांना गोड लागतं.

ही शेवटची खूण कुठून आली ते मला ठाऊक आहे. दीनाबाई लहान असताना शेजारच्या घरून पाडव्याला वाटीभर निंब-गूळ यायचा. बाईंनी तो कधी गिळला नाही, गुपचूप दारामागे थुंकायच्या. "ज्याला हे गोड लागेल तो माणूस नव्हे," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. तेच पुढे माझ्या चेटकिणींच्या माथी आलं. यापलीकडे त्या खुणेला काडीचा आधार नाही, हे आताच सांगून ठेवते.

मी छापली गेले तेव्हा लढाई चालू होती. कागद मिळत नव्हता. मिळाला तो पिवळट आणि खरबरीत, मधेमधे गवताच्या काड्या दिसायच्या. कव्हरवर मात्र हातात निंबाचा डहाळा धरलेली एक बाई होती आणि खाली लिहिलं होतं, 'मुलांकरिता'. या एका शब्दामुळे माझा पुढचा सगळा प्रवास झाला.

राहुरीजवळच्या एका खेड्यात लोकल बोर्डाच्या शाळेवर गोरक्षनाथ नावाचे मास्तर होते. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, मागे इंदू नावाची मुलगी. मास्तरांनी जामखेडकडची चांगुणा दुसरेपणावर करून आणली, आणि परतीच्या वाटेवर नगरला त्यांच्या मनात आलं, नवी आई घेऊन चाललोय तर पोरीसाठी काहीतरी चांगलंही न्यावं. दुकानदाराने मला पुढे केलं. मास्तरांनी 'मुलांकरिता' एवढं वाचलं आणि मला घेतलं. मास्तर लोकांचं असंच असतं, वाचायला सांगण्यातच त्यांचा सगळा वेळ जातो.

राहुरी स्टेशनापासून गावापर्यंत शेजारच्या सहादेवची बैलगाडी होती. चांगुणाने मला मांडीवर घेतलं. तिला अक्षर येत नव्हतं. तिने माझ्यावरचा फुफाटा पदराने पुसला आणि चित्राकडे बघत राहिली.

"ही बाई कामून एवढी रागावलीय?" तिने विचारलं.

"मुलांच्या गोष्टी आहेत त्या," मास्तर म्हणाले. त्यांनाही माहीत नव्हतं.

"उन्हानं करपंल की," असं म्हणून तिने मला पदराखाली घेतलं. त्या घरात आम्ही दोघी एकाच गाडीतून उतरलो. ही गोष्ट मी कधी विसरले नाही, आणि तीही विसरली नाही, हे पुढे कळेल.

इंदू नऊ वर्षांची होती. दारात तिने नव्या आईकडे पाहिलंच नाही, माझ्यावर झडप घातली. त्याच दुपारी निंबाखाली बसून तिने मला उघडलं. ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायची तिची सवय. बोट चिंचेने चिकट झालेलं असायचं, त्याचे डाग अजून आहेत. पहिली चेटकीण आली तेव्हा ती पाय वर घेऊन बसली. तिसरी आली तेव्हा तिने घराकडे मान वळवून पाहिलं.

मला तिथेच कसंतरी व्हायला लागलं. मुलांना घाबरवणं हे माझं कामच आहे, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण मूल घाबरून पुढचं पान उलटतं, असं मला वाटत होतं. इंदू पान उलटायच्या ऐवजी घरात बघायला लागली.

चांगुणा परमुलखातली. तिचं 'कामून' आणि 'लेकरा' इथल्या पोरींना वेगळंच वाटायचं. ती हाक मारायची, "इंदू, ए इंदू," आणि इंदू ओठ घट्ट मिटून बसायची. ओ दिली तर नाव जायचं ना. बिचाऱ्या चांगुणाला वाटलं, पोरीला ऐकू कमी येतं. रोज संध्याकाळी ती इंदूला मांडीवर आडवं पाडून कानात कोमट तेल घालायची. इंदू डोळे गच्च मिटून मनात स्वतःचं नाव घोकायची. आणि मी कोनाड्यातून हे सगळं बघायचे. ना ओरडता येत होतं, ना हसता.

असा महिना-दीड महिना गेला आणि पाडवा आला. साल चव्वेचाळीस.

उकडायला लागलं होतं म्हणून घरचे अंगणात झोपायचे. बाज एकच, ती चांगुणाने इंदूला दिली होती आणि स्वतः खाली वाकळ टाकून झोपायची. पाडव्याच्या सकाळी ती उठली तीच पोट धरून. मला वाटलं, सणाच्या कामाचा शीण असेल. मास्तरांनी गुढी उभी केली आणि नव्या सालाचं पंचांग ऐकायला ते मारुतीच्या देवळात गेले. चांगुणाने निंबाचा पाला, गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ असं वाटलं आणि बोटभर घेऊन इंदूपुढे बसली.

"खा गं लेकरा. वरीसभर दुखनं येत न्हाई." तिचा आवाज जड झाला होता. जीभ वळत नव्हती.

इंदूने तोंड मिटलं.

चांगुणाने मग पाल्यातला एक कोरा डहाळा उचलला, त्याची पानं ओरबाडून तोंडात टाकली, चावली, आणि हसायचा प्रयत्न केला. "हे बग. मला तर गोडच लागतंय."

आणि तिच्या पापण्या आपोआप खाली आल्या.

तिन्ही खुणा. माझ्या पानावर जशा छापल्यात, तशाच, एकामागून एक. इंदूने कोनाड्यातून मला ओढून घेतलं आणि ती बोंब मारत गल्लीत पळाली. "नवी आई चेटकीण हाय. आमची नवी आई चेटकीण हाय." तिच्या छातीशी दाबली गेलेली मी, तिचं काळीज मला माझ्या पानापानांतून लागत होतं.

शेजारची भीमाबाई, म्हणजे सहादेवची आई, बाहेर आली. इतर बायाही आल्या. चांगुणा उंबऱ्याशी कलंडली होती. डोळे मिटलेले, ओठांच्या कडेने लाळ. एरवी या बाया वाईट नव्हत्या. पण सणाच्या दिवशी, सकाळच्या पारी, दुसरेपणाची बाई अशी पडलेली बघितली आणि वर पोरीचं ते ओरडणं कानावर आलं. "कायतरी शिरलंय हिच्यात," भीमाबाई म्हणाली. "पोरं आत घ्या. भगताला बलवा." कोणी तिला हात लावीना. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं इंदूने केलं होतं, आणि आता ते सगळ्या गल्लीला पटलं होतं.

इंदू गोठ्यामागे कडब्याच्या गंजीआड जाऊन बसली. तिने मला मांडीवर घेतलं, थुंकी लावून पानं उलटली आणि ते पान काढलं. बोट ओळीखाली ठेवून ती पुटपुटली, "कडुनिंबाचं पान जिला गोड लागतं, ती..."

त्या घटकेइतकी तळमळ मला जन्मात झाली नाही. मला सांगायचं होतं, इंदू, हे एका बाईने तांदूळ निवडताना रचलंय. तिला लहानपणी पाडव्याचा निंब आवडत नव्हता, एवढंच याचं मूळ. चल, ऊठ. पण छापलेलं तेवढंच मला बोलता येतं, आणि छापलेलं तर तिच्या बोटाखालीच होतं.

तिचं बोट थांबलं. ती मान वर करून गंजीकडे बघायला लागली, जणू तिथे काही लिहिलंय.

मी नंतर ऐकलं, मागच्या पावसाळ्यात सहादेवला उसात जनावर चावलं होतं. त्याला पारावर बसवून लोकांनी निंबाचा पाला चावायला दिला होता आणि सगळं गाव एकच विचारत होतं, कडू लागतंय का, कडू लागतंय का. सहादेव थू थू करत कडू म्हणाला तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कारण विष चढलं की निंब कडू लागत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"सहादेवदादाला कडू लागला हुता," इंदू हळूच म्हणाली. मलाच म्हणाली बहुतेक, दुसरं कोणी नव्हतं.

पुढचं ती बोलली नाही, पण तिचा हात माझ्यावर होता, त्यामुळे मला समजलं. नवी आई चेटकीण असली आणि आपण जवळ गेलो तर आपलं काही खरं नाही. आणि ती चेटकीण नसली आणि आपण गेलो नाही, तर ती पहिल्या आईसारखी जाईल. दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या वाटत होत्या. तिची भीती जराही कमी झाली नव्हती. लोक म्हणतात धीटपणा, मी म्हणते ती रडत रडत, नाक ओढत उठली, आणि मला कडब्यावर तसंच उघडं टाकून पळाली.

यानंतरचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, कारण मला वेगळंच संकट आलं. भीमाबाईची शेळी सुटली होती. ती आली, तिने मला हुंगलं, आणि माझं कव्हर, दीनाबाईंच्या नावासकट, शांतपणे खाल्लं. तिकडे जीव जात होता आणि इकडे मी शेळीच्या तोंडात होते. सात चेटकिणींपैकी एकही माझ्या मदतीला आली नाही.

बाकीचं भीमाबाई पुढे जिला तिला सांगायची, त्यावरून मला पाठ झालंय. इंदू बायांच्या कड्यातून आत शिरली आणि तिने चांगुणाचा हात धरला. "चेटकीण न्हाई," ती म्हणाली. "पान लागलंय तिला. निंब कडू लागंना." साप चावला तर आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. ते ऐकलं मात्र, आणि त्याच बाया, ज्या हात लावत नव्हत्या, त्या कासोटा खोचून पुढे झाल्या. भीमाबाईने चांगुणाचं डोकं मांडीवर घेतलं. सहादेव सडकेकडे धावला. साखर कारखान्याची एक लॉरी गोणपाटं घेऊन नगरकडे चालली होती, कोळशाच्या गॅसवर चालणारी, चढाला माणसाच्या चालीने जाणारी. तिच्यापुढे तो आडवा उभा राहिला. देवळातून मास्तर पळत आले, त्यांचं पागोटं तिथेच राहिलं.

लॉरीत इंदू चांगुणाजवळ बसली. "आई," ती म्हणत होती, "ए आई, झोपू नगंस." त्या घरात तिने चांगुणाला कधी कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. चांगुणाची जीभ हलत नव्हती. घशातून नुसता आवाज आला, पण ती ओ होती, असं इंदू अजून सांगते.

नगरच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली, श्वास मंदावला तेव्हा पाळीपाळीने हातांनी छाती दाबून तो चालू ठेवला. रात्री वाकळीवर झोपेतच मण्यार चावली होती, तिच्या दाताची खूणही धड दिसत नाही. दोन दिवसांनी चांगुणाने डोळे पूर्ण उघडले. मास्तरांनी डॉक्टरला निंबाचं सांगितलं, तर ते म्हणाले, "निंबाबिंबाचं मला ठाऊक नाही. पापण्या मिटताना बघितलं तेव्हाच उचलायला हवं होतं." गावाने डॉक्टरचं हे बोलणं मनावर घेतलं नाही. गावात निंबाचा मान आणखी वाढला.

घरी आल्यावर मास्तरांनी मला कडब्यावरून उचललं आणि पहिल्यांदा वाचलं. वाचून झालं आणि ते मला घेऊन न्हाणीच्या चुलवणाकडे निघाले. माझी पानं आकसली.

"कुटं नेता तिला?" चांगुणाने विचारलं. ती भिंतीला टेकून बसली होती, आवाज अजून खोल होता.

"जाळतो. पोरीच्या डोक्यात हिनंच भरवलं."

"ऱ्हाऊ द्या. माज्यासंगं एकाच गाडीतनं आलीय ती." मग म्हणाली, "आन् मला कुटं ठावं हाय, शेवटी त्या बायांचं काय झालं."

अशी मी वाचले. त्या दिवसापासून इंदूने मला चांगुणासाठी मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत. चांगुणा घाबरायचीही मनापासून. पाचव्या चेटकिणीला तिने भाकरी करपवली. मग तिलाही वाटलं, आपण स्वतः वाचावं. इंदूने तिचं बोट धरून ओळीखाली ठेवलं. मास्तरीण व्हायचं इंदूच्या डोक्यात तेव्हाच शिरलं असावं.

वर्षं गेली. यंदाच्या पाडव्याची गोष्ट. साल एकोणपन्नास. इंदूची सातवीची फायनल परीक्षा तोंडावर आली होती, पास झाली की पुढे नगरला शिकायला जायचं ठरलेलं. अंगणात गल्लीतली पोरं निंब-गुळासाठी जमली होती, आणि इंदू त्यांना मण्यारीची गोष्ट सांगत होती. शेवटी म्हणाली, "म्हनून ध्यानात ठिवा. निंब कडू लागला तर भ्यायचं कारन न्हाई."

चांगुणाने हातातली वाटी खाली ठेवली. पोरांना प्रसाद देऊन घरी धाडलं, आणि इंदूला जवळ बसवलं.

"तू मास्तरीण हुनार. पोरांना असलं शिकवू नगंस."

"असलं म्हंजी?"

"मला कडूच लागला हुता, इंदू."

इंदूने झटकन मान वर केली.

"तू त्वांड मिटून बसल्तीस. तू खावास म्हनून गोड म्हनले. उद्या कडू लागतोय म्हनून कुनाला तरी घरी बसवून ठिवशील, आन् जीव जाईल त्याचा."

"इतकी वर्सं सांगितलं न्हाईस?"

"त्या निंबापायी तू माघारी आल्तीस," चांगुणा म्हणाली. "त्यो खोटा हुता म्हनून सांगवंना."

मी कोनाड्यात होते. दीनाबाईंनी रचलेली खूण खोटी, गावाने मानलेली खूण खोटी, आणि या दोन खोट्यांच्या मधून एक बाई जिवंत राहिली, ती पोरीने कडू घास खावा म्हणून केलेल्या तिसऱ्या खोट्यामुळे. मला रडू आलं असतं, पण छापील माणसाला शाई सांभाळावी लागते.

इंदू उठली, गुढीला बांधलेल्या डहाळीची पानं ओरबाडली, मूठभर तोंडात टाकली आणि चावत राहिली. चांगुणा तिच्याकडे बघत होती.

"गोड हाय," इंदू म्हणाली.

जूनमध्ये इंदू नगरला गेली. मला नेणार होती, पण चांगुणाचं वाचन अजून अर्ध्यावर आहे, म्हणून ठेवून गेली. माझी आता रयाच गेली आहे. कव्हर नाही, शिवण सुटलीय, कडा चिंचेने काळ्या पडल्यात. तरी चुळबूळ थांबलेली नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हाती माझ्यासारखी एखादी आली, तर माझं एक ऐका. खुशाल घाबरा, त्यासाठीच तिचा जन्म आहे. पण घाबरून मधेच मिटू नका, आणि वाचलेलं घेऊन घरातल्या माणसाकडे संशयाने बघू नका.

चांगुणा रोज दिवेलागणीपूर्वी उंबऱ्यावर बसून माझं एक पान वाचते, अक्षराला अक्षर जोडत. उद्या ती निंबाच्या खुणेच्या पानाशी येईल. तिथे इंदूने जाताना गुढीच्या डहाळीचं एक पान ठेवलंय. वाळून कुरकुरीत झालंय. चांगुणा ते उचलेल, जरा बघेल, आणि तोंडात टाकेल. समोर कोणी नसलं तरी ती गोड म्हणेल, याची मला खात्री आहे.